एकेचाळीस दातांचे चाक

भाऊसाहेब दप्तरदार आपल्या मोटारीचा उल्लेख कधीही एकेरीत करीत नसत. थंडीच्या दिवसांत इंजिन चालू होण्यास वेळ लागला, की ते आमच्या ओटीवर येऊन गंभीरपणे सांगत, “शास्त्रीबुवा, बाई अजून उठल्या नाहीत.” पहिल्या वेळी मी वहिनींच्या प्रकृतीची चौकशी केली. त्यावर भिंतीपलीकडून वहिनींचाच आवाज आला, “मी पहाटे चारला उठलेय. ह्यांच्या बाई त्या अंगणातल्या.”

साताऱ्यास मंगळवार पेठेत आमच्या दोन घरांची भिंत एक होती. मी पाठशाळेत व्याकरण व वेदान्त शिकवीत असे. भाऊसाहेब सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ज्या सडकांवर आयुष्यभर खडी अंथरली, त्यांवरून एकदा तरी स्वतःच्या वाहनातून जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. सेवानिवृत्तीच्या सुमारास एका जहागीरदाराच्या सामानाचा लिलाव झाला, आणि ती इच्छा गर्द निळ्या रंगाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची हॉलब्रुक नावाची अमेरिकन मोटार होऊन त्यांच्या अंगणात उभी राहिली.

मोटारीबरोबर त्यांना एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. जुन्या पीतांबराच्या तुकड्यात ती बांधून ठेवलेली असे. पाहुणा आला, की गाठ सोडून भाऊसाहेब तिचे पहिले प्रकरण मराठीतून सांगत. अमेरिकेत एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी दोन सुतार भाऊ होते. ते घोड्याच्या बग्ग्या बांधीत. धाकट्याला इंजिनाचा ध्यास लागला. थोरला देवभीरू, त्याला ते रुचेना. अखेर त्याने एक अट घातली. तयार झालेली प्रत्येक मोटार मी स्वतः गावाबाहेरच्या टेकडीवर चढवीन, आणि चढताना जी कुरकुरेल ती विकायची नाही. पुढे कारखाना वाढला, शेकडो माणसे कामास लागली, तरी थोरल्याने टेकडी सोडली नाही. म्हातारपणी दृष्टी गेली, तेव्हा तो चालविणाऱ्याच्या शेजारी बसून केवळ आवाजावरून निर्णय देऊ लागला.

येथे भाऊसाहेब पुस्तिका मिटून पीतांबराची गाठ बांधीत. ते प्रकरण एवढेच होते. पुढची कथा त्यांनी वर्तमानपत्रांतून जुळविलेली होती. मोठी मंदी आली, दोघे भाऊ गेले, कारखान्याला कुलूप लागले. “कंपनी बुडाली, शास्त्रीबुवा,” बॉनेटवर तळहात ठेवून ते म्हणत, “बाई बुडाल्या नाहीत.”

प्रथम मला या सर्वांचे हसू येत असे, हे कबूल केले पाहिजे. परंतु श्रद्धेची काही लक्षणे मी जन्मभर शिकवीत आलो होतो, आणि ती एकामागून एक त्या अंगणात दिसू लागली, तेव्हा हसणे आपोआप मावळले. रोज नियमाने होणारे स्नान, मऊ वस्त्राने केलेले मार्जन, कारणाशिवाय स्पर्श न करण्याचा संकोच आणि फलाची यत्किंचितही अपेक्षा नाही. कारण बाई महिन्यातून दोनदा बाहेर पडत आणि त्यांतल्या एकदा ढकलून घरी आणाव्या लागत.

एका दसऱ्याला वाहनपूजेचा संकल्प सांगण्यास त्यांनी मला बोलाविले. मी देशकालाचा उच्चार करून त्यांचे गोत्र घेणार, तोच त्यांनी मला थांबविले.

“माझे नव्हे. पूजा त्यांची आहे, गोत्रही त्यांचेच घ्या.”

“भाऊसाहेब, अमेरिकेतल्या यंत्राला गोत्र कोठून असणार?”

“ज्याचे गोत्र ठाऊक नाही, त्याचे आपण काय करता?”

“काश्यप म्हणतो. तसा शिष्टाचार आहे.”

“मग अडचण कोणती?”

मी उभ्या उभ्या पुष्कळ विचार केला. अडचण खरोखरच सापडेना. काश्यप गोत्रात बाईंची पूजा यथासांग झाली. निरांजन घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, “गोत्र मिळालं, आता स्थळं पाहायला घ्या. वय जरा वाढलंय, एवढं मात्र आधीच सांगा.”

कंपनी बुडाल्यावर सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा भाऊसाहेबांनी एका इंग्रजी वर्तमानपत्रात दोन ओळींची जाहिरात दिली: हॉलब्रुकच्या मालकांनी कृपया पत्र लिहावे. सबंध हिंदुस्थानातून तीन पत्रे आली. एक आसामातल्या चहाच्या मळ्यावरील डॉक्टरांचे. त्यांच्या मोटारीला एका हत्तीने पाठ घासली होती. दार चेपले, पण इंजिन थांबले नाही, असे त्यांनी अभिमानाने कळविले होते. दुसरे गोव्यातील एका वृद्ध पाद्रीबाबांचे. त्यांची मोटार दर रविवारी चर्चच्या वाटेवर नेमकी ताडीच्या दुकानासमोर बंद पडे, आणि हा दोष तिच्या पूर्वीच्या मालकाचा असावा, असे त्यांचे मत होते. तिसरे पत्र सांगलीच्या बापू मगदूम यांचे. ते मागच्या लढाईत फौजेत ड्रायव्हर होते आणि आता त्यांची हॉलब्रुक सांगली-मिरज रस्त्यावर भाड्याने चाले. त्यांनी लिहिले होते, “आमची गाडी चढाला गप आन उताराला लय बडबड करती. विलाज कळवावा.” भाऊसाहेबांनी चार पाने उत्तर धाडले. पुढे कित्येक वर्षे हे चौघे परस्परांना सख्ख्या भावांसारखी पत्रे लिहीत राहिले. एकानेही दुसऱ्याला पाहिलेले नव्हते.

मग दुसरी लढाई आली, पेट्रोलला कुपने आली, आणि त्याच सुमारास बाईंनी अंथरूण धरले.

त्या थोरल्या सुताराच्या स्मरणार्थ भाऊसाहेब दर महिन्याला बाईंना एकदा चढ दाखवीत. त्या दिवशी आम्ही यवतेश्वरचा घाट चढत होतो. मधल्या वळणावर मागून काहीतरी कडाडले आणि मोटार जागच्या जागी थांबली. मागच्या आसात एक मोठे दातेरी चाक असते. मिस्त्री लोक त्याला क्राऊन म्हणतात. त्याचे पाच दात तुटून पडले होते. खालच्या वस्तीतून बैलजोडी आणावी लागली. भाऊसाहेबांनी बैलांवर आसूड उगारू दिला नाही आणि उन्हात बॉनेटवर छत्री धरून ते साताऱ्यापर्यंत चालत आले. बैलवाला सबंध उतारभर बोलत होता, “आवं रावसायब, बैलास्नी मोटार वडाया लावलीसा. आता नांगराला काय मोटार जुपायची व्हय?”

गावातल्या लोहाराने नवे चाक घडविण्याचा प्रयत्न केला. ते जेमतेम जवळच्या राजवाड्यापर्यंत टिकले. त्यानंतर दोन वर्षे बाई अंगणातून हलल्या नाहीत. कुपनाचे जे थोडे पेट्रोल मिळे, त्यावर भाऊसाहेब सकाळी पाच मिनिटे इंजिन चालू करून आत बसून राहत. “बाई बोलतात,” ते मला सांगत, “फक्त चालत नाहीत.”

“माझं उलट आहे,” वहिनी म्हणत. “मी दिवसभर चालते, मला बोलू देत नाहीत.”

त्या दोन वर्षांत त्यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील प्रत्येक जुन्या दुकानाला पत्र लिहिले. पेटीत टाकण्यापूर्वी प्रत्येक पत्र मला वाचून दाखविले जाई. प्रत्येकात हे वाक्य असे: चाकाचे दात एकेचाळीस असावेत, चाळीस नव्हे, बेचाळीसही नव्हे. उत्तरे एकसारखी येत: नाही. भाऊसाहेब कृश दिसू लागले. एकदा ते सहज म्हणाले, “शास्त्रीबुवा, मी बाईंच्या आधी जाईन, असे वाटत होते. आता तसे वाटत नाही.” 

आणि मग गोव्याहून पाद्रीबाबांचे पत्र आले. वादळात फणसाचे झाड पडून त्यांची मोटार चिरडली गेली होती. परंतु मागचा आस शाबूत होता. ते चाक, त्याच्या जोडीच्या लहान चाकासह, मिरजेपर्यंत येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर ते पाठवीत होते. ते सांगलीस मगदूमांकडे ठेवले जाईल, तेथून न्यावे. हिंदुस्थानात तसे दुसरे सुटे चाक उरलेले नाही, असेही त्यांनी लिहिले होते.

भाऊसाहेबांनी माझ्याकडून प्रस्थानाचा मुहूर्त काढून घेतला आणि आम्ही दोघे उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने सांगलीस गेलो.

मगदूमांचे घर विश्रामबागेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पेरूच्या झाडांत होते. पन्नाशीचा, ताठ कण्याचा मनुष्य. त्यांनी आधी फौजी सलाम केला आणि मग वाकून भाऊसाहेबांच्या पायांना हात लावला.

“या सायेब, या बुवा. लय वरसांनी तोंड दिसलं तुमचं. अक्षर तेवढं वळखीचं.”

चाक देवघरात होते. तेलात भिजविलेल्या फडक्यात गुंडाळलेले, वर हळदकुंकू आणि एक ताजे जास्वंदीचे फूल. मगदूम ओशाळले. “आठ दीस झालं. म्या हात न्हाई लावला. आय रोज फूल वाहती. दुसऱ्याची ठेव हाय, म्हनती.”

भाऊसाहेबांनी ते जड चाक मांडीवर घेतले, फडके सोडले आणि अंगठ्याने एकेक दात मोजू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मी पुष्कळ लोकांना जप करताना पाहिले आहे. इतकी एकाग्रता थोड्यांच्या वाट्याला येते. मोजणे संपले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर प्रसन्न मुखाने ते म्हणाले, “मगदूम, आता तुमच्या बाईंचे दर्शन घडवा.”

“ऱ्हाऊ द्या सायेब. आदी च्या घ्या.”

“चहा मागाहून.”

“बाहीर ऊन लय हाय.”

तेवढ्यात दारात बसलेली मगदूमांची म्हातारी आई बोलली. “कसलं दर्शन घेतासा? दगडावर बसलीया ती. दीड म्हैना झाला. तिचं बी ह्येच चाक मोडलंया.”

“आये, गप की.”

“का गप? खोटं हाय व्हय? घरात खानारी सात मानसं, आन ह्यो जातोय लोकाच्या रानात ऊस तोडाया. फौजेतला ड्रायवर.”

भाऊसाहेब मगदूमांकडे वळले. “मला लिहिले का नाहीत?”

“काय ल्ह्यायचं सायेब? तुमी दोन वरसं हुडकत हुता. ठेव तुमची, आमी नुस्तं राखनारं.”

भाऊसाहेब उठून अंगणात गेले. मीही मागोमाग गेलो. झाडाखाली तशीच मोटार, रंग उडालेली, चार दगडांवर उभी होती. आस उघडा होता. भाऊसाहेबांनी उकिडवे बसून आतल्या मोडक्या चाकावरून बोट फिरविले. मग ते परत आले, चाक पुन्हा मांडीवर घेतले आणि या खेपेस दात मोठ्याने मोजले.

“एकेचाळीस,” ते म्हणाले. “छे. हे आमचे नव्हे. आमच्या बाईंना त्रेचाळीस लागतात. पाद्रीबाबांची गफलत झाली. हे तुमच्या मोटारीचे आहे, मगदूम.”

मगदूम चाकाकडे आणि मग त्यांच्याकडे पाहू लागले. तेव्हा भाऊसाहेबांनी माझ्याकडे तोंड वळविले. “शास्त्रीबुवा, आपण प्रत्येक पत्र ऐकले आहे. त्रेचाळीसच ना?”

मुंज झाल्यापासून त्या क्षणापर्यंत मी जाणूनबुजून असत्य बोललो नव्हतो. त्या वृद्ध डोळ्यांत विनंती होती, आणि त्या विनंतीमागे भय होते. मी नाही म्हणेन, याचे भय.

“त्रेचाळीस,” मी म्हणालो.

असत्याला शास्त्रात प्रायश्चित्त सांगितले आहे. ते मला मुखोद्गत आहे. मी ते अद्याप घेतलेले नाही.

मगदूम म्हणाले, “सायेब, पर तुमच्या समद्या पत्रांत तर...”

“लिहिताना चुकलो असेन. तुमचे नटबोल्टांचे पाने कोठे आहेत?”

भाऊसाहेबांनी कोट आणि पागोटे काढून माझ्या हाती दिले आणि साठी उलटलेला तो मनुष्य गोणपाटावर उताणा होऊन मोटारीखाली शिरला. त्यांच्या बाजूला मगदूम शिरले. तिसऱ्या प्रहरापर्यंत मला चार पायच दिसत होते. मधून मधून एक काळा हात बाहेर येई आणि मी त्यावर एकेक नटबोल्ट ठेवी. ते बोल्ट मी माझ्या धूत उपरण्यावर ओळीने मांडले होते. त्या उपरण्याने पुन्हा कधी पांढरा रंग पाहिला नाही. परान्न घेत नाही, हे सांगण्याआधीच म्हातारीने ओळखले आणि पेरू व दूध माझ्यापुढे ठेवून ती दूर जाऊन बसली.

एकदा खालून मगदूमांचा आवाज आला. “सायेब, ह्ये तर बेस बसलं. तुमच्या गाडीचं आन माझ्या गाडीचं आस येकच दिसत्यात. येक इचारू का?”

“नका विचारू. तो पाना द्या.”

दिवस कलता कलता दगड निघाले, चाके जमिनीला लागली आणि मोटार अंगणातून पुढे सरकली. म्हातारीने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मगदूम आम्हांला सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर पोहोचविण्यास निघाले. भाऊसाहेबांना त्यांनी आपल्या शेजारी बसविले. मी मागे बसलो.

अड्ड्यावर साताऱ्याची गाडी उभीच होती. कंडक्टर उतारूंना हाका मारीत होता. मी उतरण्यासाठी दार उघडले. भाऊसाहेब हलले नाहीत.

“अजून अवकाश आहे, शास्त्रीबुवा,” ते समोर पाहत म्हणाले.

अवकाश मुळीच नव्हता. कंडक्टर आमच्याकडे पाहून दुसऱ्यांदा ओरडला. मगदूमांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“जाऊ दे रं गड्या, तू हो फुडं,” ते त्याला म्हणाले. मग भाऊसाहेबांकडे न पाहता त्यांनी गिअर टाकला. “बसा सायेब. कोळशाच्या ग्यासवर चालनारं त्ये येडं, उंब्रजला भट्टीत कोळसं घालाया थांबतंयच. तितं गाठू त्येला. दीड म्हैन्याचं कुपान माझ्यापाशी तसंच पडलंया.”

मी दार ओढून घेतले. इतके पेट्रोल त्या दिवसांत कोणी कोणासाठी जाळीत नसे, हे आम्ही तिघेही जाणत होतो. उंब्रजचा रस्ता लागला. भाऊसाहेबांचे हात मांडीवर स्वस्थ होते, बोटांच्या पेरांत वंगण होते. रस्त्याला चढ लागला, की तेवढा त्यांचा उजवा पाय, जेथे कोणताही पेडल नव्हता तेथे, हळूच खाली दाबला जाई.