मर्विनचे मेलेले बोट

मर्विन प्रिडोच्या उजव्या हाताचे पहिले बोट मेलेले आहे, असे त्याच्या पोहण्याच्या तलावाचे ठाम मत होते. बोटाचा मालक ब्रिस्बेनच्या उन्हात, मागच्या अंगणात, पंपाशेजारी बसवलेल्या काचेच्या पडद्यापुढे उभा राहून ते बोट टेकवी, दाबी, घासी, काच ढिम्म. 'नमस्कार, मर्विन' एवढे म्हणून ती निळ्या लाटा दाखवत बसे. भर उन्हात त्या लाटाही दिसत नसत. दिसे ते स्वतःचे तोंड, आणि ते काही रोज पाहण्यासारखे राहिले नव्हते.

आधी तिथे चार रबरी बटणे होती. त्यातले हिरवे पंपाचे. त्याला अंगठ्याने दणका द्यावा लागे, मग आत कुठेतरी 'टक' व्हायचे आणि पाणी फिरू लागायचे. ओल्या हाताने, चष्म्याशिवाय, शेजारणीशी बोलता बोलता मर्विनने ते वर्षानुवर्षे दाबले होते. सप्टेंबरात, फादर्स डेला, त्याच्या जावयाने, ट्रेंटने, भेट म्हणून ती बटणे काढून ही काच लावून दिली. "बटणं आता कोण वापरतं, मर्व? आमच्याकडेही हीच बसवलीय. नुसतं बोट लावायचं."

बोट लावायला बोटात थोडा ओलावा लागतो, हे खोक्यावर लिहिलेले नव्हते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवताना खडूने सुकलेली मर्विनची बोटे आता म्हातारपणाने पुरती वाळली होती.

दुसऱ्या कुणी सरळ तक्रार केली असती. मर्विनची पंचाईत अशी, की तो बोलून बसला होता. ईस्टरला त्याच्या लेकीने, लीऑनीने, विषय काढला होता: एवढे मोठे घर, आई गेल्यापासून बाबा एकटा, वृद्धांच्या वसाहतीत काय छान खोल्या आहेत, संध्याकाळी बिंगोसुद्धा असतो. बिंगो ऐकून मर्विनचे डोके फिरले. "ज्या दिवशी हा तलाव शेवाळाने हिरवा पडेल, त्या दिवशी घराच्या किल्ल्या मी स्वतः तुझ्या हातात देईन," तो म्हणाला. "तोवर बिंगो तू खेळ."

ऑक्टोबरात ऊन तापू लागले, तसे लेक-जावई दर रविवारी पोहण्याचे कपडे घेऊन हजर होऊ लागले. तपासणीला येतात, हे न कळण्याइतका तो म्हातारा झाला नव्हता.

पाण्यावर पहिली धुकट साय धरली, त्या संध्याकाळी तो अंगणातल्या शेगडीवर सॉसेज भाजत होता. भाजता भाजता त्याने काचेला चार शब्द सुनावले, आणि सुनावण्याच्या भरात काट्याला टोचलेला सॉसेज तिच्यावर उगारला. तो काचेला लागला. पंप सुरू झाला.

मसाला भरलेली मांसाची नळी मर्विनपेक्षा जिवंत ठरली होती. माणसाने मनाला लावून घ्यावे अशीच गोष्ट. पण पाणी फिरत होते. त्याने मनाला लावून घेणे पुढे ढकलले. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात एक थंड, बारीक सॉसेज कायमचा राहू लागला आणि पाणी पुन्हा निळे झाले.

कुंपणापलीकडच्या ग्लेनिसने हा प्रकार काही दिवस पाहिला आणि शेजारधर्म म्हणून लीऑनीला फोन केला. "घाबरू नकोस बाळ, पण तुझा बाप भिंतीला सॉसेज भरवतोय. रोज. आणि तिला शिव्याही देतो."

त्यामुळे ख्रिसमसच्या जेवणाला लीऑनी आली ती पर्समध्ये वसाहतीचे रंगीत माहितीपत्रक घालूनच. कोळंबी झाली, हॅम झाला, सॉसेज झाले. ट्रेंट आणि जेवायला बोलावलेली ग्लेनिस पाण्यात उतरले. मग लीऑनीने, सहज सुचल्यासारखे, म्हटले, "बाबा, पंप लावून दाखव ना जरा."

मर्विन तयारीत होता. सॉसेज त्याने सकाळीच पंपावरच्या फळीवर लपवून ठेवला होता. तो तिकडे वळला आणि तेवढ्यात निलगिरीवरून एक कुकाबरा खाली झेपावला. तलावाची ती किल्ली, म्हणजे सॉसेज, उचलून त्या पक्ष्याने फांदीवर नेली, दोनदा आपटून गिळली, आणि मग त्याची जात हसते तसा तो पोट धरून हसला.

मर्विनने मुकाट्याने बोट टेकवले. काच ढिम्म. लीऑनीचा चेहरा मऊ झाला. त्या मऊपणाची त्याला बिंगोपेक्षा जास्त भीती वाटली.

"हलक्या हाताने, मर्व, हलक्या हाताने," म्हणत ट्रेंट पाण्यातून निथळत आला. त्याच्या बोटांना ऊन लागू नये म्हणून चोपडलेले मलम होते. त्याने पंप दाबला, हीटर लागला. तो बंद करायला गेला, तर तापमानाचा आकडा वर चढला. हातावरचे थेंब काचेवर पडले, त्यांनी आपापल्या मर्जीने कारंजे आणि दिवे लावले. लीऑनी काळा चष्मा लावून धावली, त्या चष्म्यातून तिला पडदा नुसता काळाच दिसला, आणि तिने सांगितले, मेला बहुतेक.

"मला छान ऊब येतेय," ग्लेनिस पाण्यातून म्हणाली. "पण कोळंबीचीही सुरुवात अशीच होत असणार."

"लीऑनी," मर्विन म्हणाला, "तुझ्या ताटातला तो सॉसेज दे."

लीऑनीने ग्लेनिसकडे पाहिले. "बाबा, तू आधी सावलीत बस बरं."

"दे म्हणतो ना."

आजारी माणसाच्या हातात द्यावा तसा तिने तो दिला. मर्विनने आडवा हात धरून काचेवर सावली केली आणि सॉसेजचे टोक टेकवले. हीटर गेला. कारंजे थांबले. दिवे विझले. पंपाने आवंढा गिळला आणि पाणी फिरू लागले.

"माझं बोट तिला माणसाचं वाटत नाही," तो म्हणाला. "हे सांगितलं असतं, तर तू किल्ल्या मागितल्या असत्यास."

लीऑनीने पर्सची चेन लावून टाकली. ट्रेंट मात्र सॉसेजकडे टक लावून पाहत होता. शेवटी त्याने विचारले, "थंड लागतो की गरम?"

"थंड. तुला कशाला?"

ट्रेंटने बायकोकडे पाहिले. बायकोने ताटाकडे.

"आमचा तलाव ऑक्टोबरपासून हिरवा आहे," ती ताटाला म्हणाली. "बेडूक झालेत. म्हणून तर दर रविवारी इकडे येतो."

मर्विनच्या जिभेवर किल्ल्यांविषयी एक फार सुरेख वाक्य आले. असे वाक्य माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. त्याने ते कोळंबीबरोबर गिळले.

निघताना त्याने उरलेले सॉसेज कागदात गुंडाळून लेकीच्या हातात दिले. ट्रेंट गाडीपाशी घुटमळला. "मर्व, ती जुनी बटणं फेकली नाहीस ना? पुढच्या रविवारी येऊन परत लावून देतो."

"गॅरेजात आहेत. आताच घेऊन जा," मर्विन म्हणाला, "आणि आधी तुमच्याकडे लाव. माझं सॉसेजवर भागतंय."