कान पाहणारे भोयर सर

भोयर सर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी कानाकडे. देवळीच्या आमच्या शाळेत नवा पोरगा आला की त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरून म्हणायचे, "गालाले चिकटून हाये. तू पुलगावच्या ठाकऱ्यांचा नातू काय रे?" आणि पोरगा लेकाचा ठाकऱ्यांचाच निघायचा.

ते विज्ञान शिकवायचे, मी इतिहास. पण गावात कोणाला खापरपणजा शोधायचा असला की पाय वळायचे त्यांच्याच दाराकडे. माझ्याकडे कोण येणार? माझ्याकडे फक्त पानिपत. जळायचो मी, खोटं कशाला बोलू?

बरं, हा माणूस स्वतः कोणाचा, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. बसस्टँडवर सापडलेलं तान्हं पोर, गावातल्या एका निपुत्रिक जोडप्यानं आपलं नाव देऊन वाढवलेलं. लग्नही केलं नाही. ज्याला स्वतःचा आजा माहीत नाही, त्यानं अख्ख्या तालुक्याचे आजे जुळवावेत, याला काय म्हणावं?

माझ्या मुलीच्या लग्नात तर कहर केला. मांडवात व्याह्यांचा कान निरखला आणि म्हणाले, "अरे, हे तर तुमच्या आत्याच्या दिराचे नातू." झालं. दोन्हीकडची म्हातारी माणसं त्यांच्याभोवती गोळा. मुलीचा बाप मी, आणि वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होतो.

निवृत्तीनंतर ते दर आठवड्याला अल्लीपूरच्या बाजाराला जायचे, वांगी आणायला. देवळीत काय वांग्यांचा दुष्काळ होता? मला वाटलं, काहीतरी भानगड असणार. एकदा हट्टानं त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो.

एका म्हातारीपुढे ते उकिडवे बसले. घरात माणूस एकटा आणि वांगी घेतली दोन किलो. तिनं वर मूठभर मिरच्या टाकल्या. "मास्तर, तुमी भाव काऊन नाई करत जी?" सरांनी पिशवी पुढे केली.

तेवढ्यात तिचा डोक्यावरचा पदर सरकला. कानाच्या वरच्या टोकाशी, गालाच्या बाजूला, सुईनं टोचल्यासारखं बारीक जन्मजात भोक. अगदी तसंच सरांच्या कानापाशी होतं. स्टाफरूममध्ये शेजारी बसून मी ते रोज पाहायचो.

परतताना मी विचारलं, "बहीण?"

"दिसते तर तशीच."

"मग सांगत काऊन नाई तिले?"

त्यांनी स्कूटर हळू केली. "तिची माय मरून गेली. तिच्यासाठी देवावानी होती ते. मी बोललो तर मले बहीण भेटन, पण तिची माय जाईन ना तिच्यापासून."

मला त्यांच्या त्या धीराचासुद्धा हेवा वाटला.

सर गेल्या हिवाळ्यात वारले. तेरवीला त्यांनी जुळवलेली सगळी घराणी जेवायला आली. अल्लीपूरची म्हातारी तेवढी नव्हती. तिला कळवणार कोण? म्हणून पुढच्या बाजाराला मीच अल्लीपूरला गेलो.

"मास्तर काऊन नाई आले जी?" म्हातारीनं लगेच विचारलं.

मी वांगी चाचपत बसलो. "तब्येत बरी नाई त्याईची," म्हणालो.

तिनं दोन मुठी मिरच्या उचलल्या. "हे त्याईले देजा. अन म्हणा, लवकर येजा. मले भाऊ नाई. बाजाराचा दिवस आला का त्याईचीच वाट पाहतो मी."

मी पिशवी पुढे केली. माझी सख्खी बहीण वर्ध्यात राहते. तिनं माझी अशी वाट कधी पाहिली नाही.