आता की नंतर

"माई, काहीही विचारलं तरी 'नंतर' दाबायचं. दुसरं काही नाही."

सुनेचे हे शब्द माईंनी मनाशी पक्के केले होते. घरच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम आली, तेव्हापासून माई सकाळी भजन लावायला बसल्या की पडद्यावर एक चौकट उघडायची. 'नव्या सिस्टिमबद्दल आपलं मत सांगाल का?' खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. माई 'नंतर' दाबायच्या आणि चौकट निमूट निघून जायची.

तिचं ते निमूट जाणंच माईंना खुपायला लागलं. खरं बोलायचं आणि दिलेला शब्द पाळायचा, हे त्यांचं रोजचं व्रत. आणि इथे त्या रोज कुणाला तरी नंतर सांगते म्हणत होत्या आणि सांगत नव्हत्या. विचारणाराही एवढा सोशिक, की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नम्रपणे हजर. त्या सकाळी भजन संपलं तरी माईंचं चित्त लागेना. सून नवा हेडफोन आणायला बाहेर गेली होती. माईंनी देवाचं नाव घेतलं आणि 'आता' दाबलं.

चौकटीनं तारे विचारले, मत विचारलं, फोन नंबर विचारला. माईंनी एकेक अक्षर शोधत सगळं खरं लिहिलं. मग पडद्यावर आलं, 'धन्यवाद. आपल्या मताची दखल घेतली आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.' आणि पडदा काळा झाला. मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं एक कडं गरगर फिरू लागलं.

"अहो," माईंनी हळूच हाक मारली, "जरा येता का?"

आप्पा दाढीचा साबण गालाला तसाच ठेवून आले. काळा पडदा पाहून त्यांचा ब्रश हातातच राहिला.

"काय केलंस?"

"मत दिलं."

"काय लिहिलंस?"

"खरं ते. बंद करायचं बटण लपवून का ठेवलंय, माणसाला निघायचं असेल तर दार दिसायला हवं. एक तारा दिला. तोही श्रमांचा, खटपट केली म्हणून. राग मानू नये, असंही लिहिलं."

"संपलं," आप्पा म्हणाले. "त्यांनी राग मानला."

एरवी माई हसल्या असत्या, पण आज सुनेची चार वाजता परीक्षा होती. ती घरूनच, याच कॉम्प्युटरवरून काम करायची. कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या नाराज ग्राहकांना फोन करायचा आणि त्यांच्याशी गोड बोलायचं. आज तिच्या मॅडम एक ताजा नाराज ग्राहक जोडून देणार होत्या आणि स्वतः ऐकणार होत्या. ग्राहक पुन्हा वापरून बघायला तयार झाला तर सून नोकरीत पक्की, नाही तर उद्यापासून घरी. मुलगा बाहेरगावी, घराचे हप्ते दोघांच्या पगारावर, आणि हे सगळं त्या गरगरत्या कड्यावर येऊन ठेपलं होतं.

आप्पांना आठवलं, भिंतीतला प्लग ढिला होता. "बंद करू नका म्हणतोय, आणि हा निसटला तर?" त्यांनी स्टूल ओढलं आणि प्लग हातानं दाबून बसले. गालावरचा साबण वाळत चालला.

समोरच्या घरातले नाना पेपर मागायला आले आणि पेपर विसरून पडद्यापुढे उभे राहिले.

"माझ्या साडूनं असंच वाईट मत लिहिलं होतं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आठवड्यात त्याचा प्रिंटर गेला."

"मत लिहिल्यामुळे?"

"तसं मी म्हणत नाही. पण प्रिंटर गेला." नानांनी छताकडे पाहिलं. "एक करा. घरातली बाकीची वीज बंद ठेवा. दाब कमी-जास्त झाला तर आतलं सगळं पुसलं जातं म्हणतात."

म्हणणारे कोण, हे विचारायचं धैर्य कुणालाच झालं नाही. नानांनी जाता जाता फ्रीज, पंखे, दिवे, दारावरची घंटा सगळं बंद केलं आणि पाठीमागे दार ओढून घेतलं. घर एकदम मुकं झालं. माई स्वयंपाकघरात जपमाळ घेऊन बसल्या.

दुपार झाली तरी कडं फिरतच होतं. सून परत आली आणि घंटा दाबत राहिली. आत काही वाजेना. तिनं दार ठोठावलं.

"दार उघड ग," आप्पा स्टुलावरून म्हणाले. "मला हलता येत नाही."

माई माळ अर्धी सोडून कधी उठत नसत. आजच्या दिवशी तर शक्यच नव्हतं. त्यांचे ओठ भरभर हलू लागले. बाहेर सुनेचा आवाज कापरा झाला. "माई? आप्पा? कुणी बोला ना."

"आम्ही आहोत," आप्पा ओरडले, "पण येऊ शकत नाही."

माईंनी माळ डोळ्यांना लावून दार उघडलं, तेव्हा सून उंबऱ्याशी टेकून बसली होती.

"माई, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक नाही," माई म्हणाल्या. "मी 'आता' दाबलं."

सुनेनं काळा पडदा पाहिला, प्लग धरून बसलेले, एका गालावर साबण वाळलेले सासरे पाहिले. ती रागावली नाही, हेच माईंना जास्त लागलं. ती फक्त घड्याळाकडे बघत राहिली. चार वाजत आले. आप्पांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "देवा, एवढं चालू होऊ दे. महिनाभर रात्रीची भांडी माझी." जन्मभर बायकोच्या व्रतांची थट्टा केलेला माणूस. त्यांना वाटलं, कुणी ऐकलं नाही.

पडदा उजळला.

सुनेनं दोघांना खोलीबाहेर काढलं, हेडफोन लावला आणि दार लावून घेतलं. आप्पा-माई स्वयंपाकघरात श्वास रोखून बसले. तेवढ्यात ओट्याजवळचा घरचा फोन खणखणला.

"उचलू नकोस," आप्पा कुजबुजले. "कंपनी असेल."

"नंबर मी दिलाय," माई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला.

"नमस्कार. आपण आमच्या नव्या सिस्टिमला एक तारा दिलात, त्याबद्दल बोलायचं होतं."

हाच आवाज भिंतीपलीकडूनही येत होता. आप्पांनी भिंतीकडे पाहिलं, मग माईंकडे. माईंनी ओट्याची कड घट्ट धरली.

"हो," त्या म्हणाल्या. "तोही श्रमांचा."

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. मग सुनेचा आवाज आला, अगदी पहिल्यासारखाच गोड, फक्त जरा बारीक. "आपली अडचण सांगाल का?"

"बंद करायचं बटण सापडत नाही, बाळ."

सुनेनं कुठे जायचं, काय दाबायचं ते सावकाश सांगितलं. माई मनापासून ऐकत होत्या. "ती खूण तर मी रोज बघते," त्या म्हणाल्या. "ते दार असेल असं वाटलंच नाही."

"मग आता तारे वाढवाल?"

आप्पांनी पाचही बोटं माईंच्या नाकासमोर धरली. माईंनी ती बोटं पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

"आज नाही. वापरल्याशिवाय कसं सांगू?"

आप्पांनी त्याच पंज्यानं कपाळ धरलं.

"पण रोज सकाळी वापरून बघते," माई पुढे म्हणाल्या. "मग खरं काय ते सांगते. शब्द देते."

तेवढ्यात एक तिसराच, भारदस्त आवाज मध्ये आला. "आजी, आमची ही मुलगी कशी वाटली तुम्हाला?"

"चांगली आहे. जरा घाईची आहे, पण उलट बोलत नाही."

"एवढ्या एका फोनवरून ओळखलंत?"

"नाही. रोजच ऐकते ना मी."

पलीकडे कुणीतरी खोकलं आणि फोन ठेवला गेला. बऱ्याच वेळानं खोलीचं दार उघडलं. सून दारातच उभी राहिली.

"पक्की झाले," ती म्हणाली, आणि मगच तिचे डोळे भरले. "मत बदललं नाही आणि माणूस तुटला नाही, असं मॅडम म्हणाल्या."

माईंनी तिला जवळ घेतलं. "पण मी कोण, ते त्यांना सांगायला हवं, बाळ."

"सांगते ना, नंतर..." सुनेनं जीभ चावली. मग फोन लावला, धीर करून सगळं सांगितलं आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

"काय म्हणाल्या?" आप्पांनी विचारलं.

"म्हणाल्या, ठाऊक आहे. तुमच्या सासूबाई मला दोनदा ऐकू येत होत्या. एकदा फोनवरून आणि एकदा भिंतीतून. त्यांनी खोटं बोलून पाच तारे दिले असते, तर दोघींनाही नापास केलं असतं."

आप्पांनी आपली पाच बोटं हळूच मुठीत मिटली.

संध्याकाळी दिवा लावल्यावर माई मौनात जात, त्या सकाळपर्यंत बोलत नसत. जेवणं झाली. सून दमून पडली होती. माईंनी ताटं मोरीत नेऊन ठेवली आणि तिथेच थांबल्या. आप्पांनी नाना सकाळी न्यायला विसरलेला पेपर उघडला, तोही उलटा. माईंनी भांड्यांचा साबण उचलून नळाशेजारी, दिसेल असा ठेवला आणि जपाला जाऊन बसल्या.

जरा वेळानं पेपरची घडी पडल्याचा आवाज आला. मग बाह्या वर सारत, चपलांचा आवाज न करता, आप्पा मोरीकडे निघाले.