ठ म्हणजे अख्खा लाडू

बिरू मास्तरांच्या पहिलीआधीच्या बिगरीच्या वर्गात वजाबाकी खाऊन करत. "सात शेंगदाण्यांतलं तीन खाल्लं. ऱ्हायलं किती?" पोरं मूठ उघडून मोजत आणि चार म्हणत. एखादा म्हणे, "एकबी न्हाय!" मास्तर त्याला रागवत नसत. "खरं बोललास," म्हणत आणि पुन्हा सात दाणे देत. साहजिकच चुकणाऱ्यांची संख्या रोज वाढत होती.

शुक्रवार पेठेतल्या त्याच शाळेत मी चौथीला व्याकरण शिकवायचो. भिंतीपलीकडून भाजक्या दाण्यांचा वास येत असताना कर्मणी प्रयोग शिकवून दाखवावा कुणीही!

मास्तर माळशिरसकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. सहा फूट उंच, मिशा अशा की फौजदाराने बघून घ्याव्यात. हा गृहस्थ जमिनीवर मांडी ठोकून गूळ किसत बसे आणि भोवती विणकरांची तेलुगू बोलणारी, टांगेवाल्यांची दखनी बोलणारी आणि आमची मराठी अशी चाळीस पोरं दाणे कुटत. "हात धुतलं का?" हा त्यांचा नमस्कार. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबालाही त्यांनी हेच विचारलं. साहेब निमूटपणे रांजणाकडे गेला.

अक्षरओळखही तशीच. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, दाण्याचं कूट आणि गूळ कालवून, पाण्याचा हात लावून पोरं लाडू वळत. "ह्यो अख्खा लाडू म्हंजी ठ. आता चावा. झाला का ट?" आमच्या शाळेत ट आणि ठ कधी कुणाचा चुकला नाही.

दर शुक्रवारी प्रत्येक मास्तराला एकेक लाडू येई. हेडमास्तर तर दोन मागून घेत. आमच्या घरचा मात्र दंडक होता: परक्या हातचं कोरडं चालेल, पाणी लागलेलं चालायचं नाही. तोंडावर तसं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी म्हणायचो, "आज एकादशी." लाडू ठेवून घ्यायचो आणि शिपायाला द्यायचो. तीन वर्षांत माझ्या उपवासांवर शिपाई चांगला गुबगुबीत झाला. मास्तर एवढंच म्हणत, "तुमची एकादशी लई वेळा येती की, पंत!"

एकदा काही कामाने त्यांच्या खोलीवर गेलो तर चुलीत मांजर झोपलेलं. "एकट्यासाठी कुटं जाळ करायचा?" ते म्हणाले. "दाणे-गूळ खातो. शुक्रवारी पोरांच्या पंगतीत बसतो, तेवढंच जेवल्यावानी वाटतं."

मग शाळेला नवे चेअरमन आले. कुणा पालकाने तक्रार केली होती की सगळ्या जातींची पोरं एका परातीत हात घालतात. "ही शाळा आहे की खानावळ?" चेअरमन म्हणाले. येत्या शुक्रवारी बघून वर्ग बंद करायचा आणि मास्तरांना कचेरीत हजेरीपट लिहायला बसवायचं, असं ठरत आलं. त्या आठवड्यात मास्तरांनी कुणालाच हात धुतले का विचारलं नाही.

शुक्रवारी चेअरमन वर्गात खुर्चीवर बसले. समोर परात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पंत, हे तुम्ही खाता? तुमच्यासारखे खात असतील तर बाकीच्यांना मी समजावीन."

मास्तर खाली बघत होते. त्यांना माझी अडचण ठाऊक होती; त्यांनी डोळ्यानेसुद्धा मला गळ घातली नाही.

"खातो की," मी म्हणालो. "दर शुक्रवारी खातो."

"झूट!" टांगेवाल्याची पाच वर्षांची शरीफा ओरडली. "इनकू तो हर जुम्मेकू एकादशी रहती!"

माझा चेहरा गोरामोरा झाला. चेअरमन हसत सुटले. शरीफाने परातीतला एक लाडू उचलला आणि माझ्या पुढ्यात धरला. मी तो खाल्ला. फार चांगला होता, आणि तीन वर्षं शिपायाने काय काय खाल्लं ते मला तेव्हा कळलं. चेअरमननीही एक उचलला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "चालू द्या तुमचं."

शाळा सुटल्यावर मास्तर परात घासत बसले होते. मी जवळ गेलो तर ते उठून हात जोडायला लागले.

"पंत, माफी करा. तुमचा लाडू मी दर खेपेला निराळा वळायचो. पाणी न्हाय, तुपाचं बोट लावून. पयल्या शुक्रवारपास्नं. आज त्या पोरीनं गडबडीत पोरांतलाच दिला. पाण्याचा. मला आडवता आलं न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं सोवळं हा माणूस तीन वर्षं मुकाट्याने सांभाळत होता आणि मी त्याच्याशी दर आठवड्याला खोटं बोलत होतो.

"मास्तर," मी म्हणालो, "पुढल्या शुक्रवारी मी तुमच्या पंगतीला बसतो. माझा निराळा वळू नका."

मास्तर खाली बसले आणि माझ्याकडे पाठ करून, केव्हाच स्वच्छ झालेली ती परात पुन्हा घासू लागले.