सिस्टरांकडे ठोंब्या

मेव्हण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये कुत्र्यांना मज्जाव होता आणि तिथे चार दिवस राहायला येतो, असं बायकोने भावाला कबूल करून टाकलं होतं. त्यामुळे ठोंब्याला कुठे ठेवायचं, हा प्रश्न एकट्या सर्वेअरच्या डोक्यावर येऊन बसला.

सर्वेअर विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान तपासायचा. पंचवीस वर्षं चेपलेल्या बंपरांभोवती टॉर्च घेऊन फिरल्यामुळे जगात कुणीही खरं बोलत नाही, अशी त्याची खात्री झाली होती. अपवाद फक्त ठोंब्याचा. ठोंब्या तपकिरी, जाडजूड आणि कुठल्याच जातीत न बसणारा कुत्रा. ‘बस’ म्हटलं की बसायचा, ‘पंजा दे’ म्हटलं की द्यायचा. सर्वेअरचं म्हणणं मानणारा घरात तो एकटाच. बायको ऐकून घ्यायची आणि मग स्वतःच्या मनासारखं करायची. ऑफिसात तर ऐकूनही घेत नसत. ठोंब्या आपला आहे, या एका गोष्टीवर सर्वेअरचा दिवस उभा होता.

चौकशी करता करता सिस्टरांचं नाव कळलं. या बाई हॉस्पिटलातला वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या होत्या आणि आता घरीच कुत्री सांभाळत. सर्वेअर आधी पाहणी करायला गेला. त्याने सोफ्याखाली टॉर्च मारला, खिडक्यांच्या कड्या ओढून बघितल्या आणि टेबलाचा कुरतडलेला पाय बोटाने चाचपून विचारलं, “हे नुकसान कधीचं?”

“गेल्या महिन्यातलं,” सिस्टर म्हणाल्या. “त्या पेशंटला डिस्चार्ज दिला.”

भिंतीवर प्रत्येक कुत्र्याचा तक्ता होता. खाणं, पाणी, फिरणं, शी, सगळं वेळेनुसार. खोट कुठेच सापडेना, आणि त्यामुळेच सर्वेअरच्या मनात पाल चुकचुकली. कोपऱ्यातल्या खुर्चीत सिस्टरांचे मिस्टर बसले होते. टेलिफोन खात्यातून सुटल्यापासून दोन वर्षं काका कुणाशी फारसं बोलत नव्हते. सर्वेअरने त्यांच्याकडे खुर्चीइतकंच लक्ष दिलं, हे त्याचं चुकलं.

सिस्टरांची अट एकच होती. कुत्र्याबरोबर मालकाचा अंगावरचा, न धुतलेला एक कपडा द्यायचा. ओळखीचा वास असला की जनावर बिथरत नाही. हे काम बायकोने नको तितक्या उत्साहाने अंगावर घेतलं आणि सर्वेअरचा राखाडी स्वेटर पिशवीत कोंबला. कोपराला भोक पडलेला तो स्वेटर घरातून जावा म्हणून ती सहा वर्षं टपून होती.

पहिल्या दिवशी सिस्टरांचा फोटो आला. ठोंब्या जेवत होता. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तो कुणाच्या तरी पायाशी पसरला होता. मेव्हणा नवं स्वयंपाकघर दाखवत असताना सर्वेअर फोटो बोटांनी मोठा करत राहिला. फोटोच्या कडेला राखाडी लोकर दिसत होती. लोकरीला भोक होतं आणि भोकात कोपर होतं. सर्वेअर गॅलरीत जाऊन फोन लावून बसला.

“माझा स्वेटर तुमच्या मिस्टरांनी घातलाय.”

“हो. तुमच्या कुत्र्याने पहिल्याच सकाळी ह्यांच्या स्वेटरवर पाय वर केला. तो धुवायला टाकलाय, आणि ह्यांना थंडी सोसत नाही.”

“पण तो वासासाठी दिला होता.”

“वास येतोय की,” सिस्टर म्हणाल्या. “घरभर येतोय.”

सर्वेअरने स्वेटर ताबडतोब उतरवायला लावला. तासाभरात सिस्टरांचाच फोन आला. काकांनी स्वेटर काढून टोपलीत ठेवला होता. आता ठोंब्या टोपलीपाशी बसून रडत होता, वरच्या मजल्यावरच्या बाई दोनदा खाली येऊन गेल्या होत्या, आणि त्याचं ऐकून बाकीच्या दोन कुत्र्यांनीही सूर लावला होता. पार्श्वभूमीला तो कोरस सर्वेअरला स्पष्ट ऐकू येत होता. स्वेटर पुन्हा घालायला त्याने नाइलाजाने परवानगी दिली. दोन मिनिटांत पलीकडे शांतता पसरली, आणि त्या शांततेने सर्वेअरचं काळीज जे कुरतडायला घेतलं ते जेवणातही थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तो सामान भरायला लागला. बायकोने त्याला समजावलं, मग सुनावलं, मग भावासमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत म्हणून ती वाटभर गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसली. सर्वेअर मनातल्या मनात तक्रारीचा मसुदा तयार करत होता.

सिस्टरांनी दार उघडलं. सर्वेअरने उंबऱ्यातूनच हाक मारली. ठोंब्या आला, पाहुण्याशी वागावं तशी त्याने दोनदा शेपटी हलवली आणि परत जाऊन काकांच्या पावलावर बूड टेकलं.

“बघितलंत?” सर्वेअर म्हणाला. “स्वेटरमुळे त्याची फसवणूक झालीय. काढा तो.”

काकांनी स्वेटर काढून दिला. सर्वेअरने तो शर्टावर चढवला, हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि पुन्हा हाक मारली. ठोंब्या उठून आला. त्याने स्वेटर नीट हुंगला. बाहीपासून भोकापर्यंत हुंगला. मग तो वळला आणि साध्या शर्टातल्या काकांच्या पावलावर जाऊन बसला. बायकोने टोमणाही मारला नाही, आणि तेच सर्वेअरला जास्त लागलं.

“तुम्ही त्याला खायला काय घालता?” त्याने विचारलं.

“तुम्ही लिहून दिलंय तेच,” सिस्टर म्हणाल्या. “मात्र हे त्याच्याशी बोलतात. माझ्याशी दोन वर्षांत बोलले नाहीत तेवढं तीन दिवसांत त्याच्याशी बोलले. कुठली लाइन कुठे तुटली, कोणत्या साहेबाने बढती अडवली, सगळं. मी स्वयंपाकघरातून ऐकते. मलाही पहिल्यांदाच कळतंय.”

काका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

सर्वेअरने पट्टा लावला. ठोंब्या मुकाट्याने निघाला, कारण पट्टा ओढला की निघायचं हे त्याला शिकवलेलंच होतं. घरी आल्यावर तो दाराकडे तोंड करून बसला. ‘बस’ म्हणायची सोय नव्हती, तो बसलेलाच होता. ‘पंजा दे’ म्हटल्यावर त्याने पंजा दिला, पण मान दाराकडेच ठेवली. वाटीतला भात तसाच राहिला.

सर्वेअर तक्रार लिहायला बसला. तासाभराने बायकोने कागद उचलून वाचला. त्यावर ‘कुत्र्याची अतिशय चांगली काळजी घेतल्यामुळे’ एवढंच होतं, आणि पुढे तीन वेळा खोडलेलं होतं.

“पुढे लिहा ना,” ती म्हणाली.

“नुकसान झालंय,” सर्वेअर म्हणाला. “पण दाखवता येत नाही.”

त्याला खरंच वाईट वाटत होतं. बायकोलाही ते दिसलं, म्हणून तिने स्वेटरचा विषय काढला नाही. ती आत गेल्यावर सर्वेअर दारापाशी जमिनीवर बसला. काय बोलावं ते सुचेना. चार वर्षांत त्याने ठोंब्याला हुकूम सोडून काही सांगितलंच नव्हतं. शेवटी त्याने घसा खाकरला आणि झाडाला आपटलेल्या एका पांढऱ्या गाडीची गोष्ट सुरू केली. मालक म्हणत होता झाड नवीन आहे. ठोंब्याचा एक कान किंचित वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांचा फोन आला. तक्रारीची कुणकुण लागली असावी, म्हणून सर्वेअर कंबर कसून बोलायला उभा राहिला.

“तुमचा जेवतोय का?” सिस्टरांनी विचारलं.

“अर्धी वाटी.”

“आमचे तेवढंही नाही. कालपासून दाराकडे तोंड करून बसलेत. मला बहिणीकडे जायचंय. दोन दिवस ह्यांना तुमच्याकडे ठेवून घ्याल का? त्रास काही नाही. सोफ्यावर झोपतात.”

नाही म्हणायला सर्वेअरकडे चांगली पाच-सहा कारणं होती. ती सांगायच्या आत बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला आणि हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी काका पिशवी घेऊन आले. ठोंब्याने घर डोक्यावर घेतलं, त्यांच्याभोवती चार चकरा मारल्या आणि दोन खुर्च्यांच्या मधोमध फतकल मारली. सर्वेअर हे बघून सावध झाला. त्याने लगेच पांढरी गाडी पुढे सुरू केली. काकांनी पावसात कोसळलेल्या टेलिफोनच्या खांबाची गोष्ट काढली. सर्वेअरने मागच्या वर्षीचा टँकर आणला. दोघंही मान खाली घालून ठोंब्याला सांगत होते. मग टँकर कोणत्या रस्त्यावर उलटला, असं काकांनी विचारलं, कारण त्यांचा खांब त्याच रस्त्यावर होता. सर्वेअरने खुर्ची पुढे ओढली. कोण खोटं बोललं, कोणत्या साहेबाने अहवाल दाबला, दोघांचे आवाज चढत गेले.

ठोंब्याने एकदा सर्वेअरकडे बघितलं, एकदा काकांकडे. मग तो उठला, आत गेला आणि गप्प भाजी चिरणाऱ्या बायकोच्या पावलावर जाऊन निजला. बाहेर ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.