कोंडा गेला कुठे?

पीठ नुसतं चिमटीत धरलं की त्याची सगळी कुंडली आपल्याला कळते, असं गिरणीवाले काका छातीठोकपणे सांगत. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीला दळून दिलं आणि प्रत्येक डब्याबरोबर एक उपदेश फुकट दिला, "कोंडा टाकू नका. सगळा जीव त्यातच असतो."

संध्याकाळी ते भुवयांसकट पांढरे होऊन घरी आले की काकू दारातच विचारायच्या, "आलात का गिरणीतून?" जणू ते दुसरीकडून कुठून येणार होते! गिरणी बंद पडली आणि तो प्रश्नही बंद पडला. काकांना खरं तर त्याचीच चुटपुट होती, पण सांगायचं कोणाला?

त्यात काकूंच्या किडनीने कुरकुर सुरू केली. रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस असंच वाढत राहिलं तर डायलिसिस करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काका औषधांच्या रांगेत उभे होते, तेवढ्यात काकू एकट्याच आहारतज्ज्ञ बाईंना भेटून आल्या.

"काय म्हणाल्या?"

"धान्य बघून खा म्हणाल्या."

"मग ते माझ्यावर सोड."

काकांनी निवडक गहू आणला, लांबच्या गिरणीत स्वतः उभं राहून दळून घेतला आणि कोंड्याचा कणही वाया जाऊ दिला नाही. काकू रोज दोन पाव भाजू लागल्या. एक स्वतःचा, एक काकांचा.

"तुझा पाव पांढरट कसा गं?"

"ओव्हनचा तो कोपरा जरा थंड आहे."

काकांना ते पटलं. त्यांचा स्वतःचा पाव मात्र विटेसारखा लागे आणि सकाळी पोट इतक्या झटपट साफ होई, की संडासात नेलेलं वर्तमानपत्र अर्धंच वाचून व्हायचं.

महिन्याने रिपोर्ट सुधारला. काका पिठाचा डबा घेऊनच आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसले. "ही सगळी या पिठाची करामत."

बाईंनी पीठ चिमटीत धरलं. "काका, काकूंना कोंडा वर्ज्य आहे. त्यात पोटॅशियम, फॉस्फरस जास्त. मी चाळलेलं पीठ सांगितलं होतं."

काकांनी डबा झटकन आपल्याकडे ओढला. महिनाभर आपण हिला काय खाऊ घातलं?

"रोज चाळूनच घेते मी," काकू हळूच म्हणाल्या.

"मग कोंडा गेला कुठे?"

"तुमच्या पावात. टाकू नका म्हणता ना."

बाईंनी हसू लपवायला फाइल उघडली.

"मला सांगायचं तरी," काका घरी परतताना म्हणाले.

"गिरणी गेली. निदान कोंड्यावरचा विश्वास तरी राहू दे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चाळणी आपल्या हातात घेतली. जन्मात कधी चाळलेलं नव्हतं. निम्मं पीठ परातीत पडलं, उरलेलं भुवयांवर. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकल्या.

"आलात का गिरणीतून?" त्या म्हणाल्या.

काका काही बोलणार, इतक्यात पूर्वीसारखंच काकूंनी त्यांना कपडे झटकायला दाराबाहेर काढलं.