शलमोनकाकांचा दहावा हिस्सा

माझ्या नावापुढे बी. ए. लागले ते शलमोनकाका गायकवाडांमुळे. आईवडिलांचे उपकार असतातच, पण त्यांनी मला घरात ठेवले ते मी त्यांचा होतो म्हणून. शलमोनकाकांनी ठेवले, कारण त्यांच्या खोलीचा दहावा हिस्सा देवाचा होता.

हे जरा समजावून सांगायला हवे.

काका ख्रिस्ती, मूळचे नेवाशाकडचे. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. परळच्या एका गिरणीत ते फाटकावर टाइमकीपर होते. जे मिळेल त्यातला दशमांश देवाला द्यायचा, हा त्यांच्या शास्त्रातला जुना नेम. बाकीची मंडळी तो पगारापुरता पाळत, कित्येक तेवढाही पाळत नसत. काका तो सगळ्यालाच लावत. दहा आंबे आणले की एक बाजूला. दहा सुके बोंबील आणले की एक बाजूला. शेंगदाण्याची पुडी घेतली तर फुटपाथवर उभे राहून दाणे मोजत. बाजूला काढलेला जिन्नस रविवारी चर्चच्या दानपेटीत जाई. शेवटी पाळकसाहेब स्वतः चाळीचे तीन जिने चढून आले आणि धापा टाकत म्हणाले, "गायकवाड, पैसे टाका, नका टाकू, तुमची मर्जी. पण पेटीत भजी टाकू नका. सगळ्यांच्या नोटा तेलकट होतात."

तेव्हापासून दहावा जिन्नस खिडकीतल्या ताटलीत जाऊ लागला. जो कोणी पहिला दाराशी येईल, त्याचा.

शेजारच्या राणेवहिनी मालवणच्या. गणपतीत त्या मुद्दाम अकरा मोदक पाठवत. "दहा धाडले तर एक सरळ काढतले. अकराचो हिशेब कसो करतत, बघूया!" म्हणत त्या गॅलरीत उभ्या राहत. काका हरले नाहीत. अकराव्या मोदकाचे त्यांनी दाढीच्या नव्या ब्लेडने दहा तुकडे केले आणि एक तुकडा, सारणासकट, ताटलीतल्या मोदकाशेजारी ठेवला.

'माझे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "माझी छत्री कुठाय?" म्हटले की लगेच, "मालक कोण?" उत्तरही तेच देत, "आपण कारभारी!" पैशाविषयी ते म्हणत, "पैसा म्हणजे पाहुणा. त्याला जेवू घाल, पण घराच्या किल्ल्या देऊ नकोस."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. काका मोर्चाला डबा बांधून जात. "मुंबई आमची!" अशी आरोळी उठली की काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. पण पुढे "नाही कुणाच्या बापाची!" आले, की ते चालताचालता थांबत. "बापाचीच आहे," ते शेजारच्या माणसाला समजावू लागत. "वरच्या बापाची. आपण कारभारी. पण कारभार मराठीतच झाला पाहिजे!" मागचे लोक "ओ काका, चला की!" म्हणून ढकलत.

माझे वडील नेवाशाच्या बाजारात बसून कपडे शिवत. मी मॅट्रिक झालो, तेव्हा हेडमास्तरांनी आपल्या बालमित्राच्या, म्हणजे शलमोनकाकांच्या, नावे चिठ्ठी दिली आणि मी ट्रंक घेऊन परळला आलो. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग खिडकीखाली जमिनीवर चुन्याने आखलेल्या चौकटीकडे बोट केले.

"खोली बारा बाय दहा. एकशेवीस. दहावा हिस्सा बारा. म्हणजे सहा बाय दोन. ती जागा देवाची. तुझी उंची किती?"

"पाच फूट चार इंच."

"मग मावशील. मालकाला रिकामी जागा आवडत नाही."

"भाडं किती द्यायचं, काका?"

"दुसऱ्याच्या जागेचं भाडं मी घेऊ? मालक कोण?"

चार वर्षे मी त्या चौकटीत राहिलो. काका रेघेवर कधी पाय ठेवत नसत. खिडकी लावायची झाली तरी स्वतःच्याच खोलीत उभे राहून विचारत, "दत्तोबा, येऊ का?"

बी. ए.च्या परीक्षेला दोन महिने उरले होते, तेव्हा तावडे नावाचा दलाल आला. त्याच्या गिऱ्हाइकाला खोली हवी होती, महिनाअखेर रिकामी. पागडी रोख चार हजार. मुंबईत मला दुसरा आसरा नव्हता. नेवाशाला परतलो असतो तर पुस्तके मिटून वडिलांच्या मशीनवर बसलो असतो. आणि काकांना काय हवे होते तेही मला ठाऊक होते. गिरणीतून निवृत्त व्हायला त्यांना वर्षच राहिले होते. गावाकडे कडुलिंबाखाली दोन खणांचे कौलारू घर बांधायचे, हे त्यांनी मला शंभरदा तरी सांगितले असेल. चार हजारांत तशी दोन घरे झाली असती.

काकांनी तावड्यांना चहा दिला. मग म्हणाले, "माझ्या नऊ हिश्शांवर आत्ता सही करतो. दहावा माझा नाही. त्या मालकाची सही तुम्ही आणा."

"तो मालक राहतो कुठं?"

काकांनी वर बोट केले.

"वरच्या मजल्यावर?"

"त्याच्याही वर."

"अहो, तिथनं सही आणायची कशी?"

"स्वतः जावं लागतं," काका शांतपणे म्हणाले. "फक्त परत यायची सोय नाही."

तावडे अर्धा चहा टाकून गेले आणि चारच दिवसांत त्यांनी त्या गिऱ्हाइकाला पलीकडच्या चाळीत खोली मिळवून दिली. मला राहवेना. "काका, चार हजार होते!"

"तेच मनाला लागलंय," काका गंभीर होऊन म्हणाले. "चार हजारांचा दशमांश चारशे. तुझ्यापायी देवाचे चारशे रुपये बुडवले मी. नापास झालास तर त्याला काय तोंड दाखवू?"

मी पास झालो. सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली, शीवला एक खोलीही मिळाली. पहिल्या पगारातून काकांना काय द्यावे? पैसे दिले असते तर ताटलीत गेले असते. म्हणून ठरवले, त्या चौकटीच्या मापाची चटई आणायची. ट्रंकेतली वडिलांची शिवणाची टेप घेतली आणि चौकट मोजली. पुन्हा मोजली.

लांबी सहा फूट. रुंदी साडेचार.

"काका, ही दोन फूट हवी होती ना?"

काका स्टोव्हला पिन मारू लागले. "चूक झाली असेल. दर नाताळला नवा चुना ओढतो. माणसाचा हात हलतो."

"अडीच फूट?"

"तुझी पुस्तकं वाढत होती! ती काय माझ्या डोक्यावर ठेवणार होतास?"

फाटकावर कुणाचा एक मिनिट न सोडणारा, मोदकाला ब्लेड लावणारा माणूस! मी प्रथमच त्यांच्या बाजूकडे नीट पाहिले. मोरी, कपाट, टेबल, स्टोव्ह, ट्रंक आणि पिंप यांच्यामधल्या बोळात चार वर्षे ते गुडघे पोटाशी घेऊन झोपत होते.

चटई साडेचार फुटांचीच आणली.

पुढे काका निवृत्त झाले. पैशाअभावी गावचे घर राहूनच गेले. एका रविवारी मी गेलो तर ते चर्चमध्ये होते. राणेवहिनी गॅलरीत गहू निवडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "अजून थयच झोपतत, पिंपाकडे. चटयेर पाय ठेवनत नाय. रोज ती जागा पुसतत, ताटलेत कायतरी ठेवतत, नि दाराकडे बघीत बसतत. चाळीतली पोरां मोठी झाली. येतला कोण?" मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "काल मियाच उगीच साखर मागूक गेलंय. माझ्या घरात डबो भरलेलो."

वहिनींशी एक बोलणे पक्के करून मी काकांची वाट न पाहता शीवला परतलो, वाटेत चुन्याची पुडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकले:

तीर्थस्वरूप शलमोनकाकांस,

दत्ताचा सलाम.

माझी, म्हणजे माझ्या कारभारातली खोली दहा बाय दहा आहे. दहावा हिस्सा दहा चौरस फूट. तो खिडकीखाली काढला, पण आपली उंची पाच फूट आठ इंच, शिवाय ट्रंक. त्यामुळे चुना ओढताना माझाही हात हलला. किती, ते आपण येऊन मोजावे.

जागा रिकामी आहे आणि मालकाला रिकामी जागा आवडत नाही, हे आपणच मला शिकवले. भाड्याचे विचारू नये. दुसऱ्याच्या जागेचे मी घेऊ शकत नाही.

येताना चटई आणि ताटली आणावी. इथे जिन्यावर पोरे पुष्कळ आहेत. राणेवहिनींनी गणपतीत इकडेही अकराच मोदक पाठवायचे कबूल केले आहे.

खिडकी लावायची झाली तर मी विचारूनच येईन.

आपला,
दत्ता